शेंड्याकडं बघू नये

आमच्या वस्तादांना दोन पाय होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांचा दुसरा पाय जमिनीला टेकलेला कधी बघितलाच नव्हता. वस्ताद उभे राहिले की एका पायावर. दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला लावलेला, अन् तोंडात कडुलिंबाची काडी. दुकानाच्या पायरीवर चहा पितील तर एका पायावर, मठातल्या स्वामींशी बोलतील तर एका पायावर. एकदा मयतीला आले तेव्हाही तसेच उभे राहिले, अन् रडणाऱ्या बायकांना पदराआड हसू दाबताना जीव नकोसा झाला. पोरं त्यांना मागून बगळा म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण बगळा टोचायचा.

टोचायचा म्हणजे कसं ते सांगते. समोर कुणीही आलं की वस्ताद दोन बोटांनी त्याच्या पोटावर टकटक करायचे, आपण टरबूज वाजवून बघतो तसं. मान तिरकी करून ऐकायचे अन् म्हणायचे, "रिकामं हाय." मग तो पैलवान असू दे की बाजारकरू. आमच्या पटवाऱ्याचं पोट म्हणजे दोन माणसांचं एकाला दिलेलं. त्याच्याही पोटावर त्यांनी भर चावडीत बोटं वाजवली.

"रिकामं हाय, पटवारीसाब."

"एवढं दिसायलंय तरी रिकामं?"

"नुसतं जेवण हाय आत. कंबर न्हाई."

आमचं गाव गंगाखेडच्या अलीकडं, गंगेच्या काठावर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. राज्य निजामाचं होतं, रझाकाराचे दिवस अजून यायचे होते. मठाच्या मागं तालीम होती, अन् तालमीच्या भिंतीला लागूनच आमचं परस. वस्ताद बिदरकडून एका जत्रेला म्हणून आले अन् राहिले ते राहिलेच. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. स्वामींनी मठातली एक खोली दिली अन् तालीम त्यांच्या हवाली केली.

पण तालीम कसली. फिरवायची मोठाली लाकडी मुदगलं कोपऱ्यात पडून. एका मुदगलाला तर वस्तादांनी आपली शेळी बांधलेली. पोरं म्हणायची, वस्ताद, दंड तरी कमवू द्या. तर म्हणायचे, "दंड म्हंजी नौकर हाईत. मालक हितं बसतोय," अन् बेंबीच्या खाली बोट लावून दाखवायचे. "मालक झोपलेला असला तर नौकर काय कामाचे?"

दुसऱ्या गावचे वस्ताद आपण कुणाला चीत केलं ते सांगतात. आमचे वस्ताद आपण पडलो कसे ते सांगायचे. अन् काय रंगवून सांगायचे. तरणेपणी त्यांच्या गावात महादेवाची काठी धरायचा मान त्यांच्याकडं होता. "बैलाच्या मांडीएवढे दंड व्हते माझे," म्हणायचे. "काठी घेऊन चाललोय, लोकं वा वा करायलेत. म्या म्हणलं, बघावं तरी किती सरळ हाय. बघितलं वर, शेंड्याकडं. बस. शेंड्याकडं बघितलं की मंग जमिनीकडं बघावं लागतंय." काठी पडली ती थेट हलवायाच्या पालावर. जिलबीची कढई उलटली, हलवाई पळाला, कुत्री जमली. तो हलवाई कसा ओरडला तेही वस्ताद करून दाखवायचे. आम्ही पोरीबाळी पोट धरून हसायचो. त्याच दिवशी त्यांनी गाव सोडलं, एवढं सांगून गोष्ट संपायची. घरी पुढं काय झालं ते त्यात कधी नसायचं, अन् आमच्याही ते ध्यानात यायचं नाही.

आता ही काठी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी टेकायच्या काठीचं एवढं काय घेऊन बसली. काठी म्हणजे उभा कळकाचा बांबू, मठाच्या शिखराहून उंच. त्याला रंगीत खण, घुंगरं, मोरपिसं, अन् शेंड्याला पितळी कळस. धरणाऱ्याच्या कमरेला चामड्याचा रुंद पट्टा, पट्ट्याला पुढं वाटीसारखी खोबण, त्या खोबणीत काठीचं बूड. हात नुसते लावायला, भार सगळा कमरेवर. शिवरात्रीला दुपार कलल्यावर एकाच माणसानं ती मठापासून गंगेच्या वाळूपर्यंत न्यायची. दोर नाही, टेकू नाही. वाटेत काठी कलली अन् दुसऱ्या घरच्या माणसानं हात लावून सावरली, तर मान त्या घरी गेला. आमच्या आजोबांकडं तो तसाच आला होता म्हणे. त्या गोष्टीची आमच्या घरात फार चर्चा होत नसे.

आजोबांनंतर आप्पा काठी धरायचे. आप्पा म्हणजे माझे वडील. वैशाखात दादाचं लग्न झालं, चुडाव्याची वहिनी घरात आली, अन् ज्येष्ठात गाडीवरून जवारीचं पोतं उतरवताना आप्पांची कंबर गेली. गेली म्हणजे गेलीच. खाटेवर कूस बदलायची तरी कुणीतरी लागायचं.

झालं. वरल्या आळीची काकू विहिरीवर बोलली, "सुनेचा पायगुण, दुसरं काय. बघा आता, शिवरात्रीला काठी आडवी हुती का न्हाई." काकू म्हणजे आप्पांच्या चुलतभावाची बायको. काठी आडवी झाली तर मान त्यांच्याच घरी जायचा, म्हणून तिला लय काळजी. माय तोंडानं तसं काही बोलली नाही, पण वहिनीनं हात लावलेला पाण्याचा गडवा ती पुन्हा घासून घ्यायला लागली. पायगुणाच्या नावाखाली माहेरी धाडलेल्या सुना आमच्या गावानं बघितल्या होत्या. परत आलेली एकही बघितली नव्हती. वहिनीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती दिवसभर पाय न वाजवता चालायची.

अन् काठी धरणार कोण, तर दादा. आप्पांना तो एकटाच मुलगा. दादा बसायचा दुकानात, गुळाच्या ढेपा अन् तागडी यांच्या मधोमध. चालायला लागला की आधी पोट यायचं, मग दादा. आप्पांनी त्याला तालमीत पाठवलं तेव्हा वरल्या आळीच्या काकांची दोन्ही पोरं कुस्तीच्या मातीच्या हौदात लोळून हसली. वस्तादांनी दादाच्या पोटावर टकटक केली, बराच वेळ ऐकलं.

"रिकामं हाय," म्हणाले. "पण जागा लय हाय."

महिना गेला तरी दादाची कंबर काही जागी होईना. मग एका पहाटेची गोष्ट. वहिनी परसात जात्यावर बसली होती. मी समोर खुंट्याला हात लावून, म्हणजे नुसता लावून. वर बघते तर तालमीच्या भिंतीवर वस्ताद. एका पायावर उभे, अन् नजर वहिनीवर खिळलेली. माय गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होती. तिनंही बघितलं.

"वस्ताद, सुनेकडं काय बघायलाव?"

"सुनेकडं न्हाई, अक्का," वस्ताद अगदी निर्मळ मनानं म्हणाले. "तिच्या कमरेकडं बघायलोय."

मायनं पाटीतला शेणाचा गोळा उचलून मारला. तो बरोब्बर छातीवर बसला. पण वस्ताद भिंतीवरून तसूभर हलले नाहीत. ही गोष्ट मायनं पुढं जन्मभर कबूल केली.

आरडाओरडा ऐकून आप्पांनी खाटेवरूनच त्यांना आत बोलावलं. वस्ताद आले, शेणासकट. मला वाटलं आता गावातून जाणार हे. तर खाटेजवळ जाऊन एका पायावर उभे राहिले अन् म्हणाले, "आप्पा, तुमची सून बसल्या जागी फिरायलीय. हात नुसता खुंट्याला, वळायलीय ती कंबर. पाय ढिला, मान ढिली, तोंडात गाणं. काठीला ह्येच लागतंय. अन् तुमी पोराला दंड काढायला लावायलाव."

"मंग काय करावं म्हणता?"

"दळायला लावा."

आप्पा हसले. हसल्यावर कमरेतून कळ आली, म्हणून "हसवू नका हो" म्हणत आणखी हसले. माय मात्र दारात उभी राहून म्हणाली, "बाप्याच्या हातात जातं गेलं की घरातली बरकत जाती."

"मंग मठात दळतो, अक्का," वस्ताद म्हणाले. "बरकत गेली तर स्वामींची जाईल."

अशी मठातली जाती तालमीत आली. दादा एका बाजूला, काकांचा थोरला दुसऱ्या बाजूला, समोरासमोर पाय पसरून, लंगोट लावून जवारी दळायला लागले. वहिनीला त्यांच्यासमोर जाता येत नव्हतं. ती भिंतीच्या अलीकडं पदर घेऊन बसायची, कान देऊन आवाज ऐकायची अन् मला सांगायची. मी भिंतीवर चढून ओरडायची.

"वैनी म्हणायलीय, हातानं ओढू नका."

"वैनी म्हणायलीय, आवाज खडखड यायलाय, दाणे कमी पडायलेत."

"वैनी म्हणायलीय, दादा, तू झोपलास का?"

हे शेवटचं मी माझ्या मनाचं घालायची.

गल्लीतल्या बायकांना तर सणच झाला. ज्या त्या बाईचं सूप तालमीच्या दाराशी. पीठ जाडं निघायचं, भाकरी थापताना फुटायची, पण फुकटच्या दळणाला कोण नावं ठेवतंय. वस्तादांचा हट्ट असा, की दळताना तोंड मिटायचं नाही. "दम कोंडला की कंबर सुटतीय. गा." आता पैलवानांना कुठल्या ओव्या येणार? एकानं आरती धरली, तर आरतीच्या टाळीला जातं इतकं जोरात फिरलं की पीठ भिंतीला. मग बायकांनीच त्यांच्यासाठी ओवी जुळवली अन् येता-जाता दारातून शिकवली:

"जात्याच्या खुंट्याला लागला पैलवान बाई,
मिशीला लागलं पीठ, सासूला दिसलं न्हाई."

ही ओवी म्हणताना दादाला दर वेळी हसू यायचं. हसू आलं की पोट हलायचं अन् जातं आपोआप हलकं फिरायचं. वस्ताद मान डोलवायचे. त्यांना स्वतःला गाता येत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं की शेळी उठून उभी राहायची.

मग एक दिवस आमचा वरवंटा हरवला. मायनं चटणीचं सामान पाट्यावर काढलं अन् वरवंटाच नाही. सगळं घर पालथं घातलं. सापडला तालमीत. त्याच्यावर लाकडी पाट, पाटावर दादा, अन् पाट इकडं-तिकडं घरंगळतोय. दादा दिवसातून इतक्यांदा आपटायचा की आप्पा खाटेवर पडल्या पडल्या म्हणायचे, "पडला वाटतं." वस्ताद रोज संध्याकाळी वरवंटा राखेनं घासून, धुऊन, स्वतः आणून द्यायचे. परवा माझी नात परभणीच्या जिममधून आली, म्हणाली, आजी, तिथं रबराच्या अर्ध्या चेंडूवर उभं राहायला शिकवतात, पोटातली ताकद वाढते. मी म्हटलं, बाई, घरचा वरवंटा ने. तिला वाटलं म्हातारी चळली.

त्या काळात तालमीला सरकारची इजाजत लागायची. आमच्या तालमीची कुठल्यातरी कचेरीत अडकली होती. मठात पहाटे गडी जमतात अशी कुणीतरी कागाळी केली, अन् पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी एक जवान पाठवला. तो आला तेव्हा हौद ओस, मुदगलाला शेळी, अन् धिप्पाड गडी ओळीनं बसून दळतायत अन् मिशीला पीठ लागल्याची ओवी म्हणतायत. जवानानं दारातूनच विचारलं,

"ये तालीम है क्या?"

"दळण हाय, साब," वस्ताद एका पायावरून म्हणाले.

जवानानं पुन्हा एकदा सगळ्यांकडं बघितलं. "मर्दां दळतेत इधर?"

"बायका रोज दळत्यात. त्यांना कुणी इजाजत मागत न्हाई."

जवान गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून जवारीचं गाठोडं आलं. वस्तादांनी काकांच्या थोरल्याला सांगितलं, "हे बारीक दळ. सरकारी हाय."

शिवरात्र जवळ आली तशी वहिनीचं जेवण कमी झालं. एका दुपारी तिनं माझ्याबरोबर वस्तादांना ताक पाठवलं, अन् स्वतःही भिंतीपर्यंत आली. वस्ताद पोरांना त्यांची ती पडायची गोष्ट सांगत होते. हलवायाचं ओरडणं झालं, कुत्री जमली, सगळे हसले. वहिनी हसली नाही. एवढ्या महिन्यांत ती त्यांच्याशी कधी थेट बोलली नव्हती. त्या दिवशी पोरं पांगल्यावर पदराआडून बोलली.

"मंग तुमच्या घरच्या माणसाचं काय झालं, वस्ताद?"

वस्तादांनी गडवा तोंडाला लावला होता, तो खाली आणला.

"तिलाच बोलले समदे. पायगुण म्हणले. माहेरी धाडलं."

"तुमी काय म्हणलाव?"

"म्या काय म्हणणार, सूनबाई. म्या माझ्या काठीचं दुःख करत बसलो व्हतो." मग गडव्यातल्या ताकाकडं बघत म्हणाले, "पायगुण बियगुण काय नसतोय. कंबरगुण असतोय. ह्ये मला लय उशिरा कळलं."

अन् तेव्हा वस्तादांनी दुसरा पाय खाली टेकला. मी डोळ्यानं बघितलं. दोन्ही पायांवर उभं राहिल्यावर ते एकदम बुटके अन् म्हातारे दिसले. मग "ताक आंबट हाय" म्हणाले अन् खोलीत गेले. ताक काही आंबट नव्हतं, मी वाटेत पिऊन बघितलं होतं.

शिवरात्रीला दादाचा निरंकार उपास. आप्पांची खाट चौघांनी उचलून मठाच्या दाराशी ठेवली. दादाला पट्टा बांधला. वस्तादांनी एवढंच सांगितलं, "वर बघू नको. काठी सरळ हाय का न्हाई ते तुझी कंबर सांगती. अन् तोंड मिटू नको." मग ते पुढं जाऊन गंगेच्या उताराच्या तोंडाशी एका दगडावर काठीकडं पाठ करून बसले. त्या एका गोष्टीत ते पक्के होते. जत्रेत काठीकडं बघायचे नाहीत, जमिनीवर पडलेली तिची सावली बघायचे.

दादा निघाला. हलगी वाजत होती, घुंगरं वाजत होती, अन् शेजारून वरल्या आळीचे काका दोन्ही हात पुढं करून चालत होते. मदतीला, बरं का. सरळ वाटेवर दादा असा काही चालला की लोक मागं सरून वाट द्यायला लागले. गुळाची ढेप चालावी तसा, जड अन् ठाम.

पण गंगेचा उतार आला. उतरताना हलगी बंद ठेवायची आमच्याकडं चाल आहे. आवाज थांबला अन् दादाला एकदम स्वतःची भीती ऐकू आली असावी. त्यानं ओठ घट्ट मिटले. तोंड लाल झालं. वरती कळस थरथरला. काठी गंगेच्या बाजूला झुकायला लागली, अन् काकांचे हात वीतभर पुढं सरकले. दगडावरून वस्ताद वाळूतल्या सावलीकडं बघत म्हणाले, "तोंड उघड रे." दादाला ते ऐकूच गेलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक बारीक आवाज आला. नवी सून, सासू शेजारी, सगळं गाव समोर, अन् तिनं ओवी धरली.

"जात्याच्या खुंट्याला लागला पैलवान बाई..."

मायनं चमकून वळून बघितलं. मला वाटलं आता चापट देते. मायनं वहिनीचा दंड धरला अन् पुढची ओळ स्वतः म्हटली. तिचा आवाज म्हणजे चार शेतं ओलांडून जाणारा. मग सगळ्या बायका. मिशीला पीठ, सासूला दिसलं न्हाई. दादाच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग पोट हललं. दादा हसला, मोठ्यानं, काठीसकट, अन् कोंडलेला दम सुटला तशी कंबर वळली. कळस आपल्या जागी आला. काकांचे हात तसेच राहिले, पुढं, हवेत. मग त्यांनी त्याच हातांनी महादेवाला नमस्कार केला.

दादा बायकांच्या आवाजात आवाज मिसळून ओवी म्हणत वाळूत उतरला. तिथं काठी रोवली, पट्टा सोडला, अन् धावत जाऊन वस्तादांच्या पाया पडला. आज तरी ते चांगलं काही म्हणतील म्हणून सगळे जवळ आले. वस्तादांनी त्याच्या पोटावर दोन बोटं वाजवली. मान तिरकी करून ऐकलं.

"रिकामं हाय," म्हणाले. "उपास सोड जा."

सगळे हसले, वहिनीच्या हातात मायनंच केळी दिली, दादाला द्यायला. अन् त्या गडबडीत वस्ताद दगडावरून उठले, एका पायावर उभे राहिले, अन् वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काठीकडं तोंड केलं. आधी बूड बघितलं. मग खण, मग घुंगरं, मग मोरपिसं. मान मागं मागं जात राहिली. उन्हात कळस चमकत होता. फेटा सुटून मागं पडला, तरी ते वरच बघत होते. एवढी वर्षं गावाला तोल शिकवणारा माणूस हलला, डुलला, अन् धप्पकन वाळूत पडला. दोन्ही पाय आभाळाकडं.

वहिनी पदर तोंडाला न लावता हसली. तसं हसताना तिला आम्ही त्या घरात पहिल्यांदा बघत होतो. वस्तादांनी पडल्या पडल्याच तिच्याकडं बोट केलं.

"बघा, सूनबाई," ते म्हणाले, "सांगत व्हतो का न्हाई. शेंड्याकडं बघू नये."